तीन पाणी

"चाखून पाहा ना, बाई," भैयाजी म्हणाले. "माह्या इहिरीचं पाणी म्हंजे खडीसाखर. बारूदची चव लागते का सांगा."

"चव लागत नाही त्याची," चंद्रकला म्हणाली. तिने त्याच पाण्याने बाटली विसळली, मग काठोकाठ भरून बूच लावलं. "वासही येत नाही. तीच तर पंचाईत आहे."

"मंग तुमाले कसं समजते?"

"रंग आणावा लागतो."

"पाण्याले?" भैयाजींनी जीपला टेकून उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडे पाहिलं. "आयका गा नत्थूजी. सरकार आता पाणी रंगवून पाह्यते म्हणते."

"सरकार काहीही रंगवते," नत्थूजी म्हणाले. "तुमी फक्त हात लावू नका, वला असते."

चंद्रकलेचं लक्ष त्या दोघांकडे नव्हतं. ती विहिरीच्या काठावरून आधी पूर्वेकडे आणि मग पश्चिमेकडे पाहत होती. पूर्वेला अर्धी कापून काढलेली टेकडी, म्हणजे मँगनीजची खाण. पश्चिमेला, धानाच्या बांध्यांपलीकडे, चिचटोल्याची कौलं. भैयाजींचं शेत बरोबर मधे. जमिनीचा उतारही तसाच, खाणीकडून गावाकडे. जमिनीखालचं पाणी याच वाटेने जाणार, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणूनच ही मधली विहीर तिला छळत होती.

श्रावणात चिचटोल्याच्या जयवंतेचं दीड महिन्याचं मूल निळं पडलं. आधी ओठ, मग नखं. बैलगाडीने सडकेपर्यंत, तिथून खाणीच्या ट्रकने कन्हान, कन्हानहून नागपूर. दवाखान्यात पोचेपर्यंत उशीर झाला होता. रक्त काढलं तर ते लाल नव्हतं, तपकिरी होतं. डॉक्टर जुने आणि जाणते. त्यांनी आईला एकच विचारलं, अंगावर पाजत होतीस की बाटलीने? जयवंतेच्या छातीत गळू झालं होतं, दूध आटलं होतं. गाईच्या दुधात पाणी घालून बाटलीने देत होतो, असं तिने सांगितलं. त्या गावचं पाणी तपासा, त्यात नायट्रेट असणार, असं डॉक्टरांनी भूजल कार्यालयाला कळवलं.

नायट्रेट होतंच. मर्यादेच्या पाचपट होतं. मोठी माणसं असलं पाणी पिऊन शेतावर जातात, त्यांना काही कळतही नाही. कोवळ्या मुलाच्या पोटात मात्र त्याचं रूप पालटतं आणि मग रक्त प्राणवायू वाहायचं विसरतं.

गावाने निकाल आधीच लावला होता. खाणीत रोज दुपारी बार उडतात; बारूद म्हणजे नायट्रेटच; मग आणखी शोधायचं काय? चंद्रकलेलाही पहिल्या खेपेला तसंच वाटलं होतं. खाणीच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात नायट्रेट भरपूर होतं. गावच्या विहिरीत होतं. पण मधल्या, भैयाजींच्या विहिरीत ते जवळजवळ नव्हतंच. पाहुणा मधलं घर ओलांडून पुढच्या घरी जेवायला कसा गेला?

मग तिने गोठ्यांचा आणि उकिरड्यांचा संशय घेतला. पण शेणामुताचं पाणी मुरलं असतं तर त्याच्याबरोबर मीठही आलं असतं, कारण जनावर असो की माणूस, मीठ बाहेर टाकतोच. गावच्या विहिरीत मीठ अगदी थोडं होतं. युरिया वापरणारी दोन शेतं विहिरीच्या खालच्या अंगाला. म्हणजे नायट्रेट बारूदचंच होतं, आणि तरी ते जमिनीतून आलेलं नव्हतं. यापुढे तिची अक्कल चालेना. आश्विन लागला होता आणि ही तिची तिसरी खेप होती.

चंद्रकला नागपूरच्या गोळीबार चौकातल्या कोष्ट्याची मुलगी. वडील सूत रंगवत. मिलचं रंगीत सूत बाजारात आलं तेव्हा त्यांची भट्टी विझली, पण तोवर मुलीची नजर तयार झाली होती. हळदीचा पिवळा, लिंबाचा पिवळा, झेंडूचा पिवळा तिला डोळे मिटूनही वेगळे करता आले असते. पुढे सायन्स कॉलेजात शिकून ती भूजलच्या प्रयोगशाळेत लागली. नायट्रेटची परीक्षाही पिवळ्या रंगाचीच: पाणी आटवायचं, त्यावर आम्ल घालायचं, मग अमोनिया घातला की रंग उमटतो, जितका गडद, तितकं नायट्रेट. रंग मोजायचं यंत्र निम्मं वर्ष बंद असे. तेव्हा साहेब म्हणत, "बाईंना विचारा." वय आता चव्वेचाळीस. भावांची लग्नं झाली, तिचं राहून गेलं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

तिचं काम आकड्यापाशी संपे. आकडा वर जाई, आणि ज्याला सांगायचं त्याला दुसरंच कुणीतरी सांगे. इतक्या वर्षांत तिने किती विहिरींचं पाणी पाहिलं, पण त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईला तिने त्यातलं एक वाक्यही कधी सांगितलं नव्हतं. यात काही उणं आहे असं तिला वाटत नसे. उलट बरं वाटे.

गावात शिरताच सरपंच रुपराव पुढे आले. खाणीने गावाला नळ द्यावा ही त्यांची जुनी मागणी. आता त्या मागणीमागे एका मुलाचा मृत्यू उभा होता.

"काय बाई, सापडला का चोर?"

"शोधते आहे."

"चोर टेकडीवर बसून हाय. रोज दुपारी बार उडवून सांगते का मी इथं हाय म्हणून. अन् तुमी खाली बाटल्या घेऊन फिरून राह्यल्या." ते हसत म्हणाले, पण लगेच आवाज खाली आला. "एक ओळ लिहा, बाई. माही कौसल्या बाळंतपणाले आली हाय. दिवाळीत लेकरू होईन. त्याले कोणतं पाणी पाजाचं, सांगा."

"आईचं दूध, दुसरं काही नाही."

"आन् जयवंतावानी झालं तं?"

चंद्रकला विहिरीकडे वळली. "विहीर पुन्हा एकदा पाहते," ती म्हणाली.

आधीच्या दोन्ही खेपांना पाऊस होता आणि विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. आज ऊन होतं. ओट्यावर एक म्हातारी बसून काही धूत होती, आणि ओट्याला लागून धोप्याचं बन माजलं होतं. अळूला इकडे धोपा म्हणतात. पानं सुपाएवढी, आणि हिरवा रंग इतका गडद की काळपटच म्हणावा. चंद्रकला थबकली. असा हिरवा तिने उकिरड्यावरही पाहिला नव्हता.

"न्या ना पानं," म्हातारी म्हणाली. "वड्या करा. साऱ्या गावचे धोपे पिवळे पडते, हा नाही पडत. तुळजाबाईच्या हाताचा गुण म्हणते लोक."

"तुळजाबाई तुम्हीच?"

"मीच. दुसरी कोण बसन उन्हात?"

तिच्यापुढे पोत्यांचा ढीग होता. एकेका पोत्याच्या पोटातून ती प्लॅस्टिकची पिशवी ओढून काढी, उलटी करी आणि घमेल्यात बुचकळे. पलीकडे दोरीवर धुतलेल्या पिशव्या वाळत होत्या.

"या कशाला?"

"पन्न्या? रोवणीले. धानाच्या बांधीत दिवसभर वाकून राहाचं, वरून पाणी. माह्या शिवलेल्या खोळी पांघरते साऱ्या बाया. आन् वरच्या पोत्यात धान भरते. आता धान येईन ना."

"पोती कुठून आणता?"

"खाणीतून. गोदामवाला देते. जाळाचे असते म्हणे, पण जाळाले घासलेट लागते ना. तो म्हणे, घेऊन जा वं बुढे, माही कटकट गेली." तुळजाबाईने पुढची पिशवी उलटी केली. तिच्या घडीत साबुदाण्यासारखे पांढरे दाणे चिकटलेले होते. "बारूदचा दाणा हाय हा. साधी गोष्ट नाही, बाई. घरात लेकरंबाळं. म्हून मी तीन पाणी धुतो. बाकीच्या गावच्या बाया नुस्तं झटकते. मी नाही. एक दाणा राह्यला नाही पाह्यजे."

"तीन पाणी," चंद्रकला म्हणाली.

"पहिल्या पाण्यात तं हात सुन्न पडते. कसं का, पण थंडगार होते पाणी. हात लावून पाहा."

चंद्रकलेने घमेल्यात बोटं बुडवली. वर ऊन तापलं होतं आणि ते पाणी माठातल्या पाण्याहून गार होतं. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी हा प्रयोग तिने काचेच्या चंचुपात्रात केला होता. अमोनियम नायट्रेट विरघळताना पाण्याची उष्णता ओढून घेतं. शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या मुलींना ते भांडं गालाला लावायला सांगितलं होतं आणि मुली हसल्या होत्या.

"हे पाणी टाकता कुठे?" तिने विचारलं, पण तोवर तुळजाबाईने घमेलं धोप्याकडे कलंडवलं होतं. थोडं पाणी धोप्याच्या मुळाशी गेलं. उरलेलं ओट्यावरून पसरत आलं, दगडांच्या बोटभर फटीपाशी क्षणभर अडलं आणि आत उतरलं. थोड्या वेळाने खाली, विहिरीच्या पोटात, थेंब पडल्याचा आवाज आला.

पितळेची गुंडी कमरेवर घेऊन एक तरुण बाई पाणी भरायला आली. डोक्यावरून पदर, अंगाने वाळलेली.

"माही सून," तुळजाबाई म्हणाली. "जयवंता. तुमाले ठाऊक असन. आमचंच लेकरू गेलं ना, बाई." मग हात न थांबवता, घमेल्यात नवं पाणी घेऊन पुढची पिशवी बुचकळत म्हणाली, "मीच पाजो त्याले बाटली. नर्सबाईनं सांगतलं तसं चुलीवर गंजात पाणी ठेवो, आटून अर्धं होये तवा उतरवो. कसूर नाही केली म्या."

चंद्रकलेने बाटल्या हातात घेतल्या. बोलायला तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं याची तिला भीती वाटली. तिने विहिरीच्या पाण्याची बाटली भरली, घमेल्यातल्या पाण्याची दुसरी भरली, आणि एक न धुतलेलं पोतं मागून घेतलं. तुळजाबाईने पानांची जुडी जीपमध्ये ठेवलीच.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिने घमेल्यातलं पाणी शंभरपट पातळ केलं, तरी रंग झेंडूसारखा आला. ती ते भांडं हातात धरून खिडकीशी उभी राहिली. कोडं सुटलं की दरवेळी बरं वाटे, तसं आज वाटलं नाही.

"म्हणजे पोती," साहेब म्हणाले. मधुसूदन साहेब सज्जन होते आणि निवृत्तीला आले होते. "खाण म्हणेल, गावाने आपल्या हातानेच करून घेतलं."

"पोती खाणीची आहेत, सर. जाळायची होती. जाळली नाहीत."

"दोन्ही लिहा. वर पाठवतो. तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून गावाला सूचना जाईल. दोन-चार महिने लागतील."

"दिवाळीत तिथे एक बाळंतपण आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, आपण पाणी तपासतो. गावात जाऊन काय काय सांगणार तुम्ही? आणि कुणाला?"

"उद्या जीप मिळेल का, सर?"

जीप मिळाली. कन्हानच्या पुलापर्यंत तिने नत्थूजींना सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी एकदा मोठ्याने सांगून पाहायचं होतं.

"नका सांगू त्या बुढीले," पूल ओलांडल्यावर ते म्हणाले. "मरून जाईन ते."

"न सांगता ती थांबेल कशी?"

"म्हणा का पोते नाल्यावर धुवा. काहून म्हटलं तं म्हणा, सरकारचा कायदा."

"सरकारचा कायदा म्हणून सांगितलेलं कोण पाळतं, नत्थूजी?"

त्यांनी गिअर बदलला. "कोणीच नाही पाळत," ते म्हणाले.

जीप दिसताच रुपरावांनी माणसं गोळा केली. ग्रामपंचायतीच्या पडवीत पुरुष बसले, बाया भिंतीच्या आडोशाने उभ्या राहिल्या. तुळजाबाई पायरीवर होती. तिच्या मागे जयवंता. बाजूला रुपरावांची कौसल्या, अवघडलेली, हात कमरेवर टेकून.

चंद्रकलेने जीपमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती. ती तिने तशीच म्हटली. विहिरीच्या पाण्यात बारूदचं नायट्रेट आहे. ते जमिनीतून आलेलं नाही, वरून आलेलं आहे, खाणीच्या रिकाम्या पोत्यांमधून. पोती इथे धुवायची नाहीत, नाल्यावरही नाही, गावात आणायचीच नाहीत. लहान मुलाला या विहिरीचं पाणी थेंबभरही द्यायचं नाही. भैयाजींच्या विहिरीचं चालेल. आणि उकळून ते जात नाही. पाणी आटलं की उलट जोर वाढतो.

हे शेवटचं वाक्य ती कुणाकडेही न पाहता बोलली.

"म्हंजे खाण सुटली," रुपराव म्हणाले.

"नाही सुटली. पोती जाळायचं काम खाणीचं होतं. त्यांनी ती वाटली. मी तसं लिहिलं आहे."

"वाटली म्हंजे आमीच आणली ना. मंग नळ कायचा देते ते?"

तेवढ्यात बायांमधून कुणीतरी बोललं. "पोते तं तुळजाबाईच आणते. तेच धुते इहिरीवर."

त्या बोलण्यात राग नव्हता; जे सगळ्यांना ठाऊक होतं ते फक्त कुणीतरी म्हटलं होतं. तुळजाबाईने मान वर केली. तिचा चेहरा हिशेब मांडणाऱ्या माणसासारखा झाला होता, सावकाश, एकाखाली एक. पोतं. ओटा. गंजातलं पाणी. चंद्रकलेला तो हिशेब पुढे सरकताना दिसत होता आणि तो थांबवणं तिच्या हातात नव्हतं.

"मामीजी नाही धुवत," जयवंता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. सासूला मामीजी म्हणणारी ही पोरगी चारचौघांत कधी बोलत नसे.

"त्याइच्यानं बादली वढवते का आता? पोते म्या धुतले. त्या नुस्त्या शिवत."

"वं जयवंते," तुळजाबाई म्हणाली.

"तुमी बसा, मामीजी. धुतले म्या. मले काय ठाऊक होतं?" तिने पदर पुढे ओढला. "आता ज्याले जे म्हणाचं ते मले म्हणा."

कुणी काय म्हणणार? जिचं मूल गेलं तिला बोलायला जीभ कुणाची वळेल? मघाची ती बाई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

रुपरावांना मात्र राहवलं नाही. "बाई, परवा तुमी इहिरीवर होत्या ना. कोण धुवून राह्यलं होतं?"

चंद्रकलेने तिच्याकडे वळलेले सगळे चेहरे पाहिले. जे दिसलं ते तसंच लिहायचं, यापलीकडे तिने आयुष्यात काही केलं नव्हतं.

"मी पाणी पाहत होते, रुपरावजी," ती म्हणाली.

रुपराव मान हलवून उठले. "कौसल्ये, उद्यापासून पाणी भैयाजीकडचं," एवढंच म्हणाले, आणि पडवी हळूहळू रिकामी झाली.

नत्थूजी जीपचं बॉनेट उघडून उगाचच काही पाहत होते. चंद्रकला आत बसली तेव्हा तुळजाबाई खिडकीशी आली. तिने जीपच्या पत्र्यावर हात टेकला. धुण्याने भेगाळलेली, पांढरी पडलेली बोटं होती ती, आणि ती लपवायचं तिला सुचलं नव्हतं.

"सून खोटं बोलली," ती म्हणाली.

"हो."

"तुमाले ठाऊक हाय."

"हो."

चंद्रकलेला वाटलं, म्हातारी आता विचारेल की मीच का, माझ्याच हातून का. आणि त्याचं उत्तर शोधत ती बसली. पण तुळजाबाईने ते विचारलं नाही.

"दुखलं असन का त्याले?"

हे मात्र चंद्रकलेला ठाऊक होतं. "नाही, तुळजाबाई. गुंगी येते. मूल झोपाळू होतं. दुखत नाही."

"झोपलंच होतं," तुळजाबाई म्हणाली. "मी म्हटलं, पोट भरलं असन."

तिने पत्र्यावरचा हात काढला. वाटेवर, थोड्या अंतरावर, जयवंता पाठमोरी थांबली होती. तिने वळून पाहिलं नाही, हाकही मारली नाही. सासूची पावलं अगदी मागे आली तेव्हाच ती चालू लागली, आणि तीही हळू, म्हातारीला जमेल तितक्याच चालीने.